‘पूल उघडला त्या दिवशी’ : तळटीप

१४. ‘पूल उघडला त्या दिवशी’ : मढच्या निवेदिकेच्या मनातला पूल म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू, दिवस ३० जून २००९. उद्घाटन सोनिया गांधी यांच्या हस्ते झाले. सेतूला राजीव गांधींचे नाव देण्याची सूचना शरद पवार यांनी त्याच समारंभात केली. आतषबाजी झाली, आणि मध्यरात्रीपासून वाहने सोडण्यात आली. सुरुवातीचे काही दिवस टोल माफ असल्याने लोक बायकामुलांसह नुसता ‘पूल बघायला’ निघाले आणि नव्या पुलावरही कोंडी झाली. मजकुरात सेतू ‘आठ पदरी’ म्हटला आहे. त्या दिवशी चारच मार्गिका खुल्या झाल्या, उरलेल्या २४ मार्च २०१० रोजी.

‘होड्या वर होत्या’ : पावसाळी मासेमारीबंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, म्हणून कोळीवाड्याला सवड असते.

‘आमचा पूल कधी?’ : मढहून वर्सोवा समोर दिसते. फेरीबोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. रस्त्याने मात्र मार्वे, मालाड असा मोठा वळसा पडतो. दुसऱ्यांच्या पुलाच्या कौतुकात निवेदिका हा प्रश्न मध्येच का विचारते, ते यावरून कळावे.