काळ्या बिअरचा रंग

काळी बिअर म्हटली, की ती सगळी काळ्या धान्याचीच असणार, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही. रंग एका धान्याचा आणि जोर दुसऱ्याचा, हे उमगायला लंडनच्या कारखानदारांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, ते तुम्ही पाहिले असेल. बिअरसाठी जवाचेही बरेचसे तसेच करतात. जव भिजवायचे, मोड येऊ द्यायचे आणि भट्टीवर वाळवायचे. यालाच माल्ट म्हणतात. अठराव्या शतकात लंडनचे हमाल जी काळसर बिअर आवडीने पीत, तिला त्यांच्यावरूनच 'पोर्टर' हे नाव पडले. ती लाकडाच्या आचेवर भाजलेल्या तपकिरी माल्टची असे; कारण ते माल्ट स्वस्त मिळे.

१७८४ साली हल गावच्या जॉन रिचर्डसनने काढ्यात साखर किती उतरली हे मोजण्याचे साधन, सॅकरोमीटर, प्रचारात आणले आणि सगळा हिशेब उलटा झाला! ही साखर आंबून मद्य होते. महाग फिक्या माल्टमधून ती इतकी जास्त निघे, की स्वस्त तपकिरी माल्टच शेवटी महाग पडे. कारखानदार फिक्या माल्टकडे वळले. पण गिऱ्हाइकाला हवी काळी बिअर! मग कोणी जळकी साखर घाली, तर कोणी चक्क काकमारीच्या बिया. होय, आपल्या देशातून जाणारी, मासे गुंगवून पकडण्याची तीच विषारी काकमारी. पिणाऱ्याला चढावी म्हणून!

१८१६ साली पार्लमेंटने कायदा केला, की बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्स यांवाचून काही घालायचे नाही. पुढच्याच वर्षी डॅनिअल व्हीलरने कॉफीसारखे फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट भाजण्याचे पेटंट घेतले. मूठभर काळ्या माल्टने पिंपभर बिअरला रंग येऊ लागला, आणि तोही कायद्यात राहून. तरी चोरी थांबली नाही. १८२० साली रसायनज्ञ फ्रेडरिक आकुमने आपल्या पुस्तकात भेसळ करणाऱ्यांची नावेच छापली.

आता हॉप्स. ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्या मादी फुलांतली पिवळी पूड कडवटपणा देते आणि बिअर टिकवते. मुंबईच्या गोऱ्या पलटणींसाठी जहाजाने येणाऱ्या पोर्टरमध्ये म्हणूनच हॉप्स जास्त घालीत. फुले आधीपासून उकळली तर कडवटपणा उतरतो, शेवटी टाकली तर सुवास राहतो. काळ्या बिअरला भाजक्या धान्याचा वास असतोच. तिला कडवटपणा हवा, सुवास बेताचाच.

आज परदेशात घरी काळी बिअर करणारे याच वाटेने जातात. बहुतेक सगळे माल्ट फिके, भाजके शेकडा पाच ते दहा, आणि केंटच्या गोल्डिंगसारखे सौम्य हॉप्स. भाजके धान्य वाढवले तर जोर वाढत नाही. बिअर तेवढी करपट होते. रंग डोळ्यांना दिसतो, वाचकहो. कस मात्र मोजावाच लागतो.