जबड्याची पुनर्घटना

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) खंदकातून डोके वर काढणाऱ्या कित्येक शिपायांचा खालचा जबडा गोळीने उडून जाई. प्राण वाचले, तरी घास चावणे आणि शब्द उच्चारणे दोन्ही दुर्घट होई. अशांसाठी इंग्लंडात सिडकप येथे १९१७ साली स्वतंत्र रुग्णालय उघडले. गावात जाणाऱ्या वाटेवरील काही बाके निळी रंगविली होती; तेथे बसलेल्यांचे मुख पाहून पांथस्थ दचकू नयेत, हा हेतू.

तेथे शस्त्रवैद्य हॅरल्ड गिलीज व दंतवैद्य केल्सी फ्राय यांनी उरलेल्या दातांच्या आधारे जबड्याचे तुकडे जागी धरिले, जखम निवळू दिली, आणि मगच कमरेच्या किंवा बरगडीच्या हाडाचा तुकडा मधल्या पोकळीत बसविला. घाई केल्यास पू होऊन हाड वाया जाई. शिवाय रक्तवाहिनीवाचून आणलेल्या हाडाने मोठी उणीव भरून निघणे कठीणच.

१९८९ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी त्यावर उपाय प्रसिद्ध केला. नडगीशेजारचे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून त्यास जबड्याचा बाक द्यावयाचा व त्या वाहिन्या मानेतील वाहिन्यांस जोडावयाच्या. तंबाखूमुळे जडलेल्या कर्करोगाने जबडा गमावणाऱ्या भारतीय रुग्णांवरही आज हाच उपचार होतो. रुग्ण पुन्हा चारचौघांच्या पंक्तीस बसला, म्हणजे शस्त्रवैद्याचे श्रम सार्थकी लागले.