नोटेवरील ‘सागर सम्राट’ आणि समुद्री तेल-अभियंत्याची घडण

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या नावात समुद्र आहे. प्रत्यक्ष समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. याच तालुक्यातील जाम हे गाव ओळखले जाते ते तेथील चौफुलीमुळे. नागपूरहून हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ७ आणि आताचा ४४, येथून जातो व चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथेच फुटतो. कापूस, कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्या मालमोटारी हे या रस्त्यांचे नित्याचे दृश्य होय. या मालमोटारींच्या टाकीतील डिझेलचा काही अंश अरबी समुद्राच्या तळाखालून येतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तथापि त्या समुद्रातील यंत्राचे चित्र मात्र १९८० च्या दशकात गावोगावी पोहोचले होते. एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूस नाण्याच्या आकृतीसोबत ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगचे चित्र छापले जात असे. समुद्र कधीही न पाहिलेल्या शेतमजुराच्या खिशातही हे चित्र होते. १९९४ मध्ये या नोटेची छपाई थांबली. २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हाही चित्र तेच राहिले.

या चित्राविषयी एक ऐतिहासिक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. राष्ट्रीय स्वावलंबनाचे प्रतीक म्हणून नोटेवर आलेले हे यंत्र भारतात बांधलेले नव्हते. ते जपानच्या मित्सुबिशी कंपनीने १९७३ मध्ये बांधलेले व भारताने विकत घेतलेले यंत्र होते. त्यानंतरच्या काळात मुंबईच्या परिसरात समुद्री बांधकामाची जी विद्या खऱ्या अर्थाने आत्मसात झाली, तिचे चित्र कोणत्याही नोटेवर आले नाही. ती विद्या कोणती, ती का आत्मसात झाली आणि रिग बांधणीची विद्या का झाली नाही, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात एका पिढीतील अभियंत्यांच्या कारकिर्दीच्या अनुषंगाने केला आहे.

विकत घेतलेले यंत्र

तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ मध्ये झाली. आरंभीची शोधमोहीम जमिनीवर होती. खंबायतच्या आखातात व त्याच्या दक्षिणेस समुद्रतळाखाली तेल असण्याची शक्यता १९६४ ते १९६७ या काळात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने केलेल्या भूकंपलहरी सर्वेक्षणातून पुढे आली. मार्च १९७० मध्ये गुजरातेतील अलियाबेट येथे उथळ पाण्यात पहिली विहीर खोदण्यास प्रारंभ झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते या कामाचे उद्घाटन झाले. व्यापारी दृष्ट्या या विहिरीतून काही हाती लागले नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर असलेली ‘बॉम्बे हाय’ ही रचना त्याहून फार मोठी होती; पण तेथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास असल्याने अलियाबेटची पद्धत उपयोगी नव्हती. त्यासाठी जॅक-अप रिग हवी होती.

जॅक-अप रिग म्हणजे एक प्रचंड पोलादी तराफा. तो तरंगत इच्छित स्थळी नेला जातो. तेथे त्याचे उंच जाळीदार पाय यंत्राच्या साहाय्याने समुद्रतळापर्यंत खाली सोडतात. पाय तळात रुतले की तोच यांत्रिक जोर तराफ्याला पाण्याबाहेर, लाटांच्या माथ्याहून वर उचलतो. विहीर पूर्ण झाल्यावर पाय वर घेऊन रिग दुसरीकडे जाते. पाय टेकवताना रिगमध्ये समुद्राचे पाणी भरून तिचे वजन मुद्दाम वाढवितात, कारण तळाचा कडक पापुद्रा वादळात फुटण्यापेक्षा शांत हवामानात, माणसे सज्ज असताना फुटलेला बरा.

३१ जानेवारी १९७४ रोजी ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय येथे पहिली विहीर खोदण्यास सुरुवात केली आणि फेब्रुवारीतच तेल लागले. या घटनेचे महत्त्व काळामुळे वाढले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अवघ्या काही महिन्यांत कच्च्या तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या होत्या. २१ मे १९७६ रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. शोध लागल्यापासून अवघ्या सव्वादोन वर्षांत उत्पादन सुरू होणे ही त्या काळच्या सरकारी कामाची गती पाहता असामान्य गोष्ट होती, हे मान्य करावे लागते.

१९७४ च्या सुमारास वयाच्या बाविशी-तेविशीत आयोगाच्या सेवेत आलेल्या अभियंत्याने स्थापत्य, यांत्रिकी वा विद्युत शाखेची पदवी घेतलेली असे. पुणे, मुंबईचे माटुंगा व पवई, किंवा १९६० मध्ये सुरू झालेले नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय, येथे त्याने धरण, पूल, बाष्पक वा मोटार शिकलेली होती. लाटेचा मार खाणारी इमारत कशी उभारावी हे त्याला कोणी शिकविले नव्हते. पहिली काही वर्षे त्याचे काम परदेशी यंत्राच्या पुस्तिका वाचणे, परदेशी ठेकेदाराच्या कामावर देखरेख करणे आणि चौदा दिवस समुद्रात व चौदा दिवस घरी असे जगणे, एवढेच होते. या उमेदवारीला गौण मानण्याचे कारण नाही. नंतर जे घडले त्याचा पाया येथेच घातला गेला.

समुद्रतळावरचे बांधकाम

रिग विहीर खोदते आणि निघून जाते. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षे तेल वर आणण्यासाठी तेथे कायमची इमारत लागते. तिला प्लॅटफॉर्म म्हणतात. जाड पोलादी नळ्यांचा एक उंच सांगाडा, ज्याला या व्यवसायात ‘जॅकेट’ असा शब्द आहे, किनाऱ्यावरील यार्डात आडवा वेल्ड करतात. बार्जवर चढवून समुद्रात नेतात. पाण्यात सोडून उभा करतात. आणि त्याच्या पायांच्या पोकळीतून लांब पोलादी पाइल समुद्रतळात ठोकून तो खिळवून टाकतात. मग वर डेक बसवितात. हे सारे पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत उरकावे लागते. जॅकेट यार्डातून निघण्यास मे महिना उजाडला तर एक संपूर्ण वर्ष वाया जाते. मुंबईच्या यार्डातील वेल्डरपासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांचे पंचांग मान्सूनने ठरविले होते.

सुरुवातीचे प्लॅटफॉर्म परदेशी ठेकेदारांनी उभारले. परंतु लवकरच हे काम मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आले. अठराव्या शतकात लहानशा गोदीच्या रूपाने सुरू झालेली व १९६० मध्ये केंद्र सरकारने ताब्यात घेतलेली ही संस्था तेव्हा युद्धनौका बांधत होती. भारतात बांधलेली पहिली लिअँडर जातीची फ्रिगेट ‘आयएनएस निलगिरी’ १९७२ मध्ये येथूनच नौदलात दाखल झाली होती. जाड पोलादाचे निर्दोष वेल्डिंग, क्ष-किरणांनी त्याची तपासणी, जड भागांची जुळणी ही कौशल्ये तयार होती. ती जॅकेटच्या कामी आली. मुंबई बंदरासमोरील न्हावा येथे या कामासाठी यार्ड उभे राहिले. ज्या शहरात १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या विझत गेल्या, त्याच शहराच्या किनाऱ्यावर हे अवजड बांधकाम वाढत होते. गिरण्यांतील लाखो हातांना ते सामावून घेऊ शकले नाही, हा भाग वेगळा.

आराखड्याच्या बाबतीत शिकणे अधिक कठीण होते. बॉम्बे हायच्या समुद्रतळावर शंखशिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली चुनखडीयुक्त वाळू आहे. साधारण वाळूत पाइल जितका खोल ठोकावा तितका त्याला बाजूंनी घट्ट पकडणारा घर्षणाचा जोर वाढतो. चुनखडीयुक्त वाळूचे कण मात्र पाइल ठोकतानाच चिरडले जातात आणि ही पकड अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरते. मेक्सिकोच्या आखातातील अनुभवावर बेतलेली अमेरिकी सूत्रे येथे जशीच्या तशी लावता येत नव्हती. मान्सूनच्या लाटांचेही तसेच. वादळाची एक प्रचंड लाट सहन करणे हा एक प्रश्न. पण दरवर्षी चार महिने लाखो मध्यम लाटांनी नळ्यांच्या सांध्यांवर आणलेला थकवा हा दुसरा आणि अधिक कपटी प्रश्न. त्यामुळे येथील माती, येथील लाटा व येथील गंज यांचा अभ्यास येथेच होणे अपरिहार्य ठरले. तेल आयोगाने १९८३ मध्ये पनवेल येथे अभियांत्रिकी व सागरी तंत्रज्ञान संस्था स्थापन केली ती याच गरजेतून. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या इंजिनिअर्स इंडिया या सरकारी कंपनीनेही प्लॅटफॉर्मचे आराखडे करण्याचे काम हाती घेतले.

प्लॅटफॉर्म व रिग यांतील फरक येथे स्पष्ट होतो. प्लॅटफॉर्म हा विशिष्ट जागेचा असतो. त्या जागेची माती बदलली की आराखडा बदलतो, म्हणून त्याची विद्या स्थानिक होऊ शकली. जॅक-अप रिग ही कोठेही नेता येणारी वस्तू आहे. तिचे मोजके नमुने थोड्या परदेशी आराखडाकारांच्या ताब्यात होते आणि त्यानुसार एकामागून एक रिग बांधणारी यार्डे सिंगापूरसारख्या ठिकाणी विकसित झाली. माझगाव डॉकनेही जॅक-अप रिग बांधल्या. मात्र मागणी तुरळक होती. दोन-चार रिगपुरती उभारलेली तयारी पुढील मागणी येईपर्यंत टिकत नाही, माणसे पांगतात. येथील अभियंता रिगचा आराखडाकार झाला नाही याचे कारण त्याच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा खरेदीच्या धोरणात शोधणे योग्य ठरेल. एकच गिऱ्हाईक आणि तेही कधी बांधून घेणारे, बहुधा भाड्याने घेणारे, अशा बाजारात आराखडा करण्याची परंपरा रुजत नाही.

२७ जुलै २००५

१९७६ पासून उभारलेल्या या इमारतींची परीक्षा त्यांच्या बांधणाऱ्यांच्या सेवाकाळातच झाली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मुंबई ठप्प झाली होती. दुसऱ्या दिवशी ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर उपलब्ध नव्हते, म्हणून त्याला उपचारासाठी क्रेनने मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढविण्याचे ठरले. या प्रयत्नात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले व समुद्रतळाकडून वर तेल-वायू आणणारी एक उभी नळी, म्हणजे रायझर, फुटला. पेटलेल्या वायूच्या ज्वाळांनी शेजारचे रायझर फुटत गेले आणि सुमारे दोन तासांत १९८१ साली उभा केलेला हा प्लॅटफॉर्म कोसळला. २२ जणांचे प्राण गेले. ३६२ जणांना वाचविण्यात यश आले.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने यातील वेदनादायक बाब अशी की रायझर जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला, वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूस होते आणि त्यांना असलेले संरक्षण लहान पुरवठा-जहाजांचा विचार करून आखलेले होते. आराखडा काढला गेला तेव्हा एवढे मोठे जहाज इतक्या जवळ येण्याची कल्पना केली गेली नव्हती. पंचवीस वर्षांत जहाजे मोठी झाली, कामाच्या पद्धती बदलल्या. कागदावरची रेषा तेथेच राहिली. १९७४ मध्ये रुजू झालेल्या अभियंत्याच्या सेवेची अखेरची वर्षे अशा जुन्या रेषा पुन्हा तपासण्यात गेली. मूळ अपेक्षित आयुष्य ओलांडलेल्या जॅकेटचे सांधे पाणबुड्यांकडून तपासून घेणे, गंजरोधक धातूचे नवे ठोकळे बसविणे, मोठ्या जहाजांना दूर राखणे, ही कामे नव्या बांधणीइतकी नावाजली जात नाहीत. सागरी तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र केंद्रीय नियम २००८ मध्ये लागू झाले. मे २०२१ च्या तौक्ते वादळात याच तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासाचे पी-३०५ हे बार्ज बुडून सत्तरांहून अधिक माणसे दगावली. या खेपेस तुटले ते प्लॅटफॉर्म नव्हते, तर बार्ज जागेवर धरून ठेवणारे नांगर.

‘सागर सम्राट’ने ३२ वर्षांत सुमारे १२५ विहिरी खोदल्या व चौदा महत्त्वाच्या तेल-वायू शोधांत भाग घेतला. नंतर तिला मोडीत न काढता तेलावर प्रक्रिया करणाऱ्या फिरत्या उत्पादन केंद्रात रूपांतरित करण्याचे ठरले. हे काम संयुक्त अरब अमिरातीत झाले आणि त्याला एका दशकाहून अधिक काळ लागला. मूळ रिग विकत घेऊन तेल काढण्यास जितका वेळ लागला होता त्याच्या कितीतरी पट. डिसेंबर २०२२ मध्ये ती मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १४० किलोमीटरवरील क्षेत्रात पुन्हा कार्यान्वित झाली. दिवसाला वीस हजार बॅरल तेल हाताळण्याची तिची क्षमता आहे. विहीर खोदण्याचे काम आता ती करीत नाही.