गुलाबपाण्यापासून टोनरपर्यंत

‘गुलाबपाणी’ या शब्दात पाणी दोनदा येते. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे ‘गुलाब’ हे मुळात पाण्याचेच नाव. इराणात आजही गुलाबपाण्याला तसेच म्हणतात. आपल्याकडे ते नाव फुलाला चिकटले, आणि पाण्यासाठी मागे आणखी एक ‘पाणी’ जोडावे लागले.

हे आठवायचे कारण म्हणजे ‘टोनर’. आमच्या कचेरीत मधल्या सुट्टीत डबे उघडले की तरुण सहकारी मुलींच्या बोलण्यात हा शब्द हटकून येतो. कोणता घ्यावा, कधी लावावा, त्याने रंध्रे बंद होतात का. त्यातल्या कित्येकींचा पगार महिनाअखेर पुरत नाही, तरी ही बाटली घेतलीच पाहिजे असे त्यांच्या मनावर बिंबले आहे. मी काही त्वचेचा डॉक्टर नव्हे, कला शाखेचा पदवीधर. पण टोनर कोणत्या गरजेतून जन्मला हे कळले तर निवड सोपी होते, असे मला वाटते.

या बाटलीचे दोन पूर्वज आहेत. पहिले गुलाबपाणी. ते इब्न सीनाने शोधले असे सर्रास लिहिले जाते, पण त्याचा जन्म 980 चा. त्याआधीच, नवव्या शतकात, बगदादच्या अल-किंदीने अत्तरे आणि ऊर्ध्वपातन यांवर शंभराहून अधिक कृतींचा ग्रंथ लिहिला होता. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर हा माल जहाजांनी येई. 1516 च्या सुमारास लिहिणारा पोर्तुगीज दुआर्ते बार्बोझा कालिकतला तांबड्या समुद्राकडून येणाऱ्या जिनसांत तांबे, पारा, पोवळी, केशर यांच्यासोबत गुलाबपाणीही नोंदवतो. पुढे मोगल दरबारात त्याचा थाट वाढला. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधले ही लोककथा. खुद्द जहांगीराने आत्मचरित्रात श्रेय तिच्या आईला दिले आहे : गुलाबपाणी करताना वर तरंगणारा तवंग तिने गोळा केला. आपल्या लग्नमंडपात गुलाबदाणीतून उडणारे शिंतोडे म्हणजे त्याच थाटाचे धाकटे रूप.

दुसरा पूर्वज न्हाव्याच्या पेटीतला : तुरटी. तुरट आणि तुरटी हे एकाच घरचे शब्द. कच्ची सुपारी चावल्यावर तोंड आवळते, तशीच तुरटीने दाढीनंतरची कातडी आवळते आणि रक्त थांबते. अमेरिकेत हेच काम विच हेझल नावाच्या झुडुपाचा अर्क करी. तिथल्या मूळ रहिवाशांना तो ठाऊक होता. 1846 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पॉन्ड यांनी तो बाटलीत भरून विकायला काढला. आपल्या आयांच्या कपाटात कोल्ड क्रीमच्या डबीवर असलेले पॉन्ड्स हे नाव असे एका तुरट पाण्यापासून सुरू झाले!

मग या पाण्याची रोज गरज का पडू लागली? साबणामुळे आणि क्रीममुळे. कोल्ड क्रीमने चेहरा पुसला की तेलकट थर मागे राही, तो काढायला पाणी हवे. एलिझाबेथ आर्डेन यांनी 1910 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले आणि ‘स्वच्छ करा, टोन करा, पोषण द्या’ असा क्रम रूढ केला. साबणाची अडचण वेगळी. त्याचा पीएच 9 ते 10, तर त्वचेचा सुमारे 5. त्वचेवरच्या या आम्लधर्मी आवरणाचे वर्णन शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी 1928 मध्ये केले. साबणाने बिघडलेला तोल सावरायला आम्लधर्मी टोनर उपयोगी. 1968 मध्ये क्लिनिकने साबण, लोशन, मॉइश्चरायझर ही तीन पायऱ्यांची पद्धत बाजारात आणली आणि टोनर पक्का झाला.

जपानची वाट मात्र निराळी. तिथे 1897 मध्ये शिसेदोने ‘युडर्मिन’ हे लाल लोशन काढले. तिकडची ही पाणी लावण्याची रीत आवळण्याची नव्हे, ओलावा देण्याची. आजचे कोरियन टोनर याच नात्यातले.

यातून निवडीचे सूत्र मिळते. आज सौम्य, साबणविरहित फेसवॉश मिळतात. ते वापरणाऱ्याला तोल सावरण्यासाठी टोनर लागतच नाही. निरोगी त्वचा तर साबणानंतरही काही तासांत आपणच पूर्वपदावर येते. रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती दारासारखी उघडत-मिटत नाहीत. आवळल्यासारखी दिसतात, तीही थोडाच वेळ.

तरी लावायचा असेल तर काम ठरवून घ्यावा. त्वचा कोरडी असेल तर ग्लिसरीनचा, मद्यार्क नसलेला. तेलकट असून पुटकुळ्या येत असतील तर थोडे सॅलिसिलिक आम्ल असलेला, तोही आधी एक दिवसाआड. ग्लायकोलिक आम्ल असेल तर रात्री, आणि सकाळी सनस्क्रीन न चुकता. चेहरा धुऊन तो दमट असतानाच तळहाताने हलके लावावा. नवीन बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार दिवस लावून पाहावी. चुरचुरले म्हणजे ‘काम करते’ असे नव्हे. ते थांबवण्याची खूण आहे.

गुलाबपाण्याच्या बाटलीवरही घटक वाचावेत. गुलाबाचे ऊर्ध्वपातित पाणी आणि साध्या पाण्यात घातलेला सुगंध यांत फरक असतो. आणि आपल्या गोव्याच्या दमट, घामट हवेत महिन्याचे पैसे मोजकेच असतील, तर ते आधी सौम्य फेसवॉश आणि सनस्क्रीनवर खर्चावेत. उरले तर टोनर. नाही उरले, तरी चेहऱ्याचे काही अडत नाही.