भाड्याचा संगणक आणि बाहेर पडायची वाट

अभियांत्रिकीचं शिक्षण संपवून दोन-तीन मित्र एखादं सॉफ्टवेअर तयार करतात आणि छोटी कंपनी काढतात. अशा नव्या कंपनीला हल्ली स्टार्टअप म्हणतात. तिच्यापुढे पहिल्या काही महिन्यांतच एक प्रश्न येतो. सॉफ्टवेअर चोवीस तास चालू ठेवायचं तर चांगले संगणक हवेत, ते विकत घेण्याइतके पैसे नाहीत, मग कोणाचे भाड्याने घ्यायचे? ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गूगल अशा कंपन्या असे संगणक तासाच्या हिशोबाने वापरायला देतात. यालाच क्लाउड सेवा म्हणतात. क्लाउड म्हणजे ढग. दूरसंचाराच्या जाळ्याची आकृती काढताना अभियंते मधल्या गुंतागुंतीच्या भागाऐवजी नुसता एक ढग काढत असत. नाव तिथून आलं. प्रत्यक्षात हा ढग जमिनीवरच असतो. यंत्रांनी भरलेली मोठी इमारत, तिला लागणारी भरपूर वीज आणि यंत्रं थंड ठेवण्याची सोय, असं त्याचं स्वरूप आहे.

कोणाची सेवा घ्यावी याबद्दल सल्ला पुष्कळ मिळतो आणि त्यातला बराचसा दरांबद्दल असतो. पण गणन करणारी यंत्रं भाड्याने घेण्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. तो पाहिला तर दराइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न पुढे येतो: उद्या ही जागा सोडायची झाली तर आपल्याला सोडता येईल का? या लेखात आपण त्या प्रश्नाचा माग काढणार आहोत.

यंत्र आमचं, कार्डंही आमचीच

संगणक येण्यापूर्वी जनगणनेचे, विम्याचे, रेल्वेचे मोठे हिशोब छिद्रं पाडलेल्या कार्डांवर होत. कार्डावरच्या छिद्राच्या जागेवरून यंत्र आकडा ओळखायचं आणि बेरजा करायचं. अशी यंत्रं बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी होती अमेरिकेतली आयबीएम. ती आपली यंत्रं विकत नसे, फक्त भाड्याने देत असे. शिवाय करारात एक अट असे, ती अशी की यंत्रात आयबीएमचीच कार्डं वापरायची. दुसऱ्यांची कार्डं हलकी निघाली तर यंत्र चुकेल, असं कंपनीचं म्हणणं होतं. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं अमान्य केलं. तशी कार्डं इतरांनाही बनवता येतात, तेव्हा ही अट स्पर्धा मारणारी आहे, असं न्यायालयाने ठरवलं. पुढे १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत आयबीएमला आपली यंत्रं विकायलाही ठेवावी लागली.

यातून पहिला धडा मिळतो. एखादी संस्था यंत्राच्या भाड्याचा विचार करून करार करते, पण ती खरी अडकते यंत्राला लागणाऱ्या वस्तूंमध्ये आणि वर्षानुवर्षं साठलेल्या कार्डांमध्ये. आजच्या क्लाउडमध्ये कार्डं नाहीत, पण त्यांची जागा घेणाऱ्या गोष्टी आहेत.

वेळ वाटून घेणं

१९६१ मध्ये एमआयटी या संस्थेच्या शताब्दीनिमित्त झालेल्या भाषणात जॉन मॅकार्थी यांनी एक कल्पना मांडली. टेलिफोनसारखीच गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल, ही ती कल्पना. त्याच वर्षी तिथेच फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने 'टाइम-शेअरिंग'चं प्रात्यक्षिक दाखवलं.

हे तत्त्व वर्गात सहज समजावता येतं. एकच शिक्षक चाळीस मुलांच्या वह्या तपासतो आहे असं समजा. एक मूल पुढचं गणित सोडवतं तोवर तो दुसऱ्याची वही पाहतो. तो पुरेसा वेगवान असेल तर शिक्षक आपल्याच शेजारी बसला आहे असं प्रत्येक मुलाला वाटेल. माणूस टंकलेखन करतो तो वेग संगणकाच्या मानाने फारच कमी. म्हणून संगणकाचा वेळ सेकंदाच्या छोट्या तुकड्यांत कापून अनेकांना वाटता येतो. १ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची अशीच एक व्यवस्था सुरू झाली. 'बेसिक' ही सोपी भाषा तिच्याबरोबरच जन्मली.

टाइम-शेअरिंग विकणाऱ्या कंपन्याही लगेच निघाल्या. १९६८ मध्ये सिॲटलच्या लेकसाइड शाळेत पालक-मातांच्या मंडळाने जुन्या वस्तूंच्या विक्रीतून पैसे जमवले आणि त्यातून एक टेलिटाइप यंत्र व जनरल इलेक्ट्रिकच्या संगणकाचा काही वेळ घेतला. यंत्र शाळेत, संगणक फोनच्या तारेपलीकडे. मुलांनी तो वेळ बघता बघता संपवून टाकला. त्या मुलांमध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन होते. पुढे शहरातल्याच एका नव्या टाइम-शेअरिंग कंपनीने मुलांना फुकट वेळ दिला आणि त्याबदल्यात आपल्या यंत्रणेतले दोष शोधून घेतले. ती कंपनी १९७० मध्ये बंद पडली. वापराप्रमाणे पैसे द्यायचे असले की बिल अंदाजाबाहेर जातं आणि सेवा देणारी कंपनी बुडूही शकते. या दोन्ही गोष्टी एका शाळेने दोन वर्षांत पाहिल्या.

मुंबईतला अनुभव

आपल्याकडे १९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. इतर संस्थांमधले संशोधकही आपलं गणित त्यावर करून घेत. उद्योगांत आणि सरकारी कचेऱ्यांत मात्र बरीच यंत्रं आयबीएमची होती आणि तीही भाड्याची. परदेशात वापरून जुनी झालेली यंत्रं दुरुस्त करून इथे भाड्याने दिली जातात, अशी टीका त्या काळात झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार कंपनीने आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा अशी सरकारची अट होती. आयबीएमने ती मानली नाही आणि १९७८ मध्ये भारतातलं काम गुंडाळलं.

तरीही इथली कामं ठप्प झाली नाहीत. यंत्रं ग्राहकांच्या आवारातच उभी होती. सीएमसी या सरकारी कंपनीने त्यांच्या देखभालीचं काम हाती घेतलं आणि ती पुढेही चालत राहिली. आजच्या क्लाउडमध्ये यंत्र आपल्या आवारात नसतं. सेवा देणारा गेला तर यंत्रही जातं आणि त्यावरची माहितीही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

याच काळातली दुसरी एक घटनाही बोलकी आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसला १९७४ च्या सुमारास परदेशी काम मिळालं. बरोज कंपनीच्या एका जातीच्या संगणकांसाठी लिहिलेलं रुग्णालयाच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर त्याच कंपनीच्या दुसऱ्या जातीच्या संगणकांवर चालेल असं करून द्यायचं होतं. हे काम आयसीएल या तिसऱ्याच बनावटीच्या यंत्रावर केलं गेलं. एका यंत्रासाठी लिहिलेलं दुसऱ्यावर चालत नाही, ही जगाची अडचण होती. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या पहिल्या कामांपैकी एक त्या अडचणीतूनच मिळालं.

तासाला दहा सेंट

ऐंशीच्या दशकात टेबलावर मावणारे स्वस्त संगणक आले आणि टाइम-शेअरिंगचा धंदा ओसरला. मग इंटरनेट पसरलं आणि चाक पुन्हा फिरलं. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने माहिती साठवण्याची सेवा सुरू केली. दर होता एका गीगाबाइटला महिन्याला १५ सेंट. ऑगस्टमध्ये संगणक भाड्याने देणं सुरू झालं, तासाला १० सेंट दराने.

या दराचं गणित मुलांना घालण्यासारखं आहे. एक संगणक शंभर तास घेतला तर दहा डॉलर होतात. शंभर संगणक एक तास घेतले तरी दहा डॉलरच होतात. पूर्वी एवढं काम तासाभरात संपवायचं तर शंभर संगणक विकत घ्यावे लागले असते. नव्या कंपन्यांना क्लाउड का आवडला, हे यातून कळतं.

२००८ मध्ये गूगलने वेगळ्या प्रकारची सेवा आणली. तिच्यात संगणक सांभाळायची कटकटच नव्हती, सॉफ्टवेअर तेवढं द्यायचं. मात्र ते गूगलच्या पद्धतीने लिहायचं आणि माहितीही गूगलच्या पद्धतीच्या कोठारात ठेवायची. २०११ मध्ये या सेवेची दरपद्धत बदलली तेव्हा अनेकांची बिलं वाढली आणि दुसरीकडे जायचं तर सॉफ्टवेअरचा बराच भाग नव्याने लिहावा लागणार होता. जितकी सोय जास्त तितकं निघणं कठीण, असं इथे दिसतं. सोय वाईट असते असं आम्ही म्हणत नाही, तिची किंमत आधी ठाऊक असावी एवढंच.

इन्स्टाग्रामचं उदाहरण

६ ऑक्टोबर २०१० ला इन्स्टाग्राम ही छायाचित्रांची सेवा सुरू झाली. ती चालवणारी माणसं मोजकीच होती आणि लॉस एंजेलिसमध्ये ठेवलेला त्यांचा एकुलता एक सर्व्हर एखाद्या चांगल्या लॅपटॉपपेक्षाही दुबळा होता. पहिल्याच दिवशी २५,००० लोकांनी नाव नोंदवलं आणि सर्व्हर कोलमडू लागला. तीन दिवसांत त्यांनी सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलवलं. दीड वर्षाने, एप्रिल २०१२ मध्ये, फेसबुकने ही कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं तेव्हा तिथे १३ माणसं काम करत होती. स्वतःचे संगणक घेत बसले असते तर इतक्या कमी माणसांना ते झेपलं नसतं. क्लाउडचे धोकेही त्यांना दिसले. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस व्हर्जिनियातल्या वादळाने ॲमेझॉनच्या केंद्राची वीज गेली आणि इन्स्टाग्राम काही तास बंद पडलं.

पुढे हे सगळं फेसबुकच्या स्वतःच्या केंद्रांत न्यायचं ठरलं. तोपर्यंत छायाचित्रं वीस अब्जांच्या घरात गेली होती. एका छोट्या गटाने सुमारे वर्षभर खपून हे स्थलांतर २०१४ पर्यंत पूर्ण केलं आणि वापरणाऱ्यांना ते जाणवलंही नाही. हे जमलं याचं एक कारण म्हणजे त्यांनी ॲमेझॉनकडून मुख्यतः साधे संगणक घेतले होते. त्यांवर चालणारं लिनक्स, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि जँगो हे सगळं मुक्त सॉफ्टवेअर होतं, कुठेही नेता येण्याजोगं. तरीही अडचण आलीच. ॲमेझॉनमधल्या संगणकांचे अंतर्गत पत्ते आणि फेसबुकमधले पत्ते यांची सरमिसळ होत होती. म्हणून आधी ॲमेझॉनच्याच आत एका वेगळ्या, खासगी जाळ्यात जावं लागलं आणि मगच बाहेर पडता आलं. निघण्याची सगळी तयारी असतानाही वर्ष लागलं, हे विसरू नये.

नऊ दिवसांचं गणित

सगळ्यांना एवढा वेळ मिळत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये निर्व्हॅनिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने आपली साठवण सेवा बंद होत असल्याचं सांगितलं आणि ग्राहकांना माहिती काढून न्यायला जेमतेम दोन आठवडे दिले. मुदत पुढे थोडी वाढवली गेली. दोन आठवडे पुरतात का, हे आपण मोजून पाहू. समजा, दहा टेराबाइट माहिती आहे, म्हणजे सुमारे ८० लाख कोटी बिट. सेकंदाला १० कोटी बिट नेणारी जोडणी असेल तर ८ लाख सेकंद लागतील, म्हणजे सव्वानऊ दिवस, तेही जोडणी एकदाही न तुटता. माहिती याच्या दुप्पट असती तर मुदत संपली असती.

वेळेइतकाच पैशाचा प्रश्न. ॲमेझॉनने २०११ पासून माहिती आत आणायचं शुल्क बंद केलं, बाहेर नेण्याचं ठेवलं. समजा, बाहेर न्यायला गीगाबाइटला ९ सेंट पडतात आणि साठवायला महिन्याला २.३ सेंट. म्हणजे निघतानाचा खर्च जवळजवळ चार महिन्यांच्या भाड्याएवढा झाला. यावर ओरड होत राहिली. २०२४ च्या सुरुवातीला गूगलने आणि मागोमाग ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्टने सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केलं. युरोपात यासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आणि तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९३६ मध्ये कार्डांसाठी जे न्यायालयाला करावं लागलं, तेच माहितीसाठी पुन्हा करावं लागलं असं म्हणता येईल.

कायदा दुसऱ्या बाजूनेही येतो. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवावी असा आदेश काढला आणि सहा महिन्यांची मुदत दिली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केंद्रं सुरू केली होती. ज्यांची माहिती परदेशातच होती त्यांची धावपळ झाली.

मग मोठं झाल्यावर स्वतःचे संगणक घ्यावेत का? याचं एकच एक उत्तर नाही. ड्रॉपबॉक्सने ॲमेझॉनमधली बहुतेक माहिती २०१६ पर्यंत स्वतःच्या यंत्रांवर नेली आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. झिंगा या खेळांच्या कंपनीनेही २०११ च्या सुमारास तेच केलं, दहा कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्च केला आणि २०१५ मध्ये परत ॲमेझॉनकडे गेली. ड्रॉपबॉक्सची माहिती वाढतच होती, झिंगाच्या खेळांची लोकप्रियता मात्र उतरली. गरज स्थिर असेल तर मालकीचं परवडतं, वरखाली होणारी असेल तर भाड्याचं.

नव्या कंपनीने निवड करताना दर जरूर पाहावेत. त्याबरोबर तीन गोष्टी लिहून काढाव्यात असं आम्हाला वाटतं. आपली माहिती कोणत्या गावात, कोणत्या देशाच्या कायद्याखाली राहणार? तिची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे आहे का? आणि सगळं हलवायचं ठरलं तर किती दिवस, किती पैसे आणि कोणता भाग नव्याने लिहावा लागेल? उत्तरं दरवर्षी एकदा तपासावीत. थोडीशी माहिती खरोखर बाहेर काढून, दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहावी.

हे प्रश्न फक्त कंपन्यांचे नाहीत. अनेक शाळांची हजेरी, गुणपत्रकं आणि फीचे हिशोब आज कोणाच्या तरी भाड्याच्या सॉफ्टवेअरवर आहेत. आपल्या शाळेत तसं असेल तर पुढच्या वर्षीचा करार करण्यापूर्वी एका इयत्तेची मागच्या तीन वर्षांची गुणपत्रकं त्या सॉफ्टवेअरमधून काढून साध्या तक्त्यात उतरवता येतात का, हे करून पाहा. आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेतलंत तर माहिती, वेग आणि वेळ यांचं वरचं गणितही त्यात होऊन जाईल.