तळटीप ७ : रघुजी भोसले यांची तलवार

७. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी (निधन १७५५) यांची. शाहू छत्रपतींनी त्यांना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब दिला होता. सरळ, एकधारी पाते युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव किताबासह देवनागरीत कोरलेले आहे. मराठा शस्त्रांवर मालकाचे नाव क्वचितच सापडते, म्हणून तिचे मोल मोठे. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत ती बाहेर गेली असावी. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावात राज्य शासनाने मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. मूळ मजकुरातील ‘हस्तांतरण’ म्हणजे ११ ऑगस्ट २०२५ रोजी सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनमध्ये घेतलेला तिचा ताबा. ही खरेदी होती, परतफेड नव्हे. हा फरक वाचकाने जरूर ध्यानात ठेवावा. परतफेडीचे उदाहरण स्कॉटलंडचे : निजामाच्या संग्रहातून १९०५ मध्ये चोरीला गेलेली आणि मुंबईच्या सैन्याचे प्रमुख जनरल हंटर यांना विकली गेलेली तलवार ग्लासगोच्या संग्रहालयांनी ऑगस्ट २०२२ मध्ये केल्व्हिनग्रोव्ह येथील समारंभात विनामूल्य भारताच्या नावे केली. — संपा.