कॉलेज कोणतें आणि कशासाठीं?

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

शालान्त परीक्षेचा निकाल लागला, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो: मुलाला अथवा मुलीला कोणत्या कॉलेजांत घालावें? टक्क्यांच्या याद्या, प्रवेशपरीक्षा आणि फीचे मोठाले आंकडे यांमुळें हल्लीं ही काळजी वाढली आहे, हें खरें. परंतु प्रश्न नवा नाहीं. महाराष्ट्रांत तो दीडशें वर्षांपूर्वींच उभा राहिला, आणि त्या काळच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं आपल्या आचरणानें त्याचें जें उत्तर दिलें, तें आजहि विचार करण्याजोगें आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. लंडनच्या विद्यापीठाप्रमाणें परीक्षा घेणें व पदव्या देणें हेंच त्याचें प्रारंभींचें कार्य होतें. शिकविण्याचें काम कॉलेजांचें. १८६२ सालीं बी. ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पुढें निवड करावयास वाव मिळाला: मुंबईस एल्फिन्स्टन, विल्सन व १८६९ पासून सेंट झेवियर, आणि पुण्यास डेक्कन कॉलेज. परीक्षा एक आणि पदवीहि एकच. मग एका कॉलेजांत व दुसऱ्यांत अंतर तें कोणतें? अंतर होतें तें गुरूंचें, सोबत्यांचें आणि राहणीचें.

डेक्कन कॉलेजचें मूळ म्हणजे १८२१ सालीं पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत निघालेली संस्कृत पाठशाळा. पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेच्या रकमेंतून तिचा खर्च चाले. काळाबरोबर तिचें रूप पालटत गेलें, आणि १८६८ सालीं हें कॉलेज येरवड्याच्या बाजूस, नदीपलीकडे, स्वतःच्या इमारतींत गेलें. शहराच्या गजबजाटापासून दूर असलेल्या या ठिकाणीं विद्यार्थी वसतिगृहांत एकत्र राहत. तासाची घंटा वाजली म्हणजे शिक्षण संपलें, असें तेथें होत नसे. पुष्कळसें शिक्षण त्यानंतरच सुरू होई.

बाळ गंगाधर टिळक १८७३ सालीं तेथें दाखल झाले. प्रकृति नाजूक आहे असें पाहून त्यांनीं पहिलें वर्ष तालीम, पोहणें आणि खाणें यांस वाहिलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. त्या वर्षीं ते परीक्षेंत नापास झाले. परंतु १८७६ सालीं ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, आणि पुढें मंडालेचा सहा वर्षांचा कारावास ज्या शरीरानें सोसला, त्याचा पाया येरवड्यास घातला गेला होता. गणितांत त्यांना केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गुरु लाभला. नापास होण्याचें अनुकरण कोणीं करूं नये; पण शरीर कमावणें हाहि अभ्यासच आहे, हें विसरूंहि नये.

त्याच कॉलेजांत गोपाळ गणेश आगरकर होते. दारिद्र्य असें, कीं अंगांतला एकच सदरा रात्रीं धुवावा आणि सकाळीं तोच घालावा. या दोघांचीं मतें अनेक बाबतींत भिन्न. वाद रात्र-रात्र चालत. तथापि त्या वादांतूनच सरकारी नोकरी न धरतां शिक्षणाला वाहून घेण्याचा निश्चय झाला. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघालें, एम. ए. होऊन आगरकर त्यास मिळाले, आणि १८८५ सालीं फर्गसन कॉलेज उभें राहिलें. पुढें हे मित्र दुरावले. १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. स्नेह तुटला, परंतु त्यांतून निर्माण झालेली संस्था आजहि उभी आहे.

आतां मुंबईकडे वळूं. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील वारले, तेव्हां थोरले बंधु गोविंदराव यांनीं शाळा सोडून नोकरी धरली. पगार पंधरा रुपये. त्यांतले आठ रुपये ते धाकट्याच्या शिक्षणासाठीं पाठवीत. कोल्हापूरचें राजाराम, पुण्याचें डेक्कन आणि शेवटीं मुंबईचें एल्फिन्स्टन अशा तीन कॉलेजांतून गोखल्यांचें शिक्षण झालें, व १८८४ सालीं ते पदवीधर झाले. तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा होतें.

त्याच वर्षीं त्याच कॉलेजांतून धोंडो केशव कर्वे हेहि बी. ए. झाले, त्यांचें वय मात्र सव्वीस. मुरुडाहून साताऱ्यास शंभर मैलांहून अधिक वाट तुडवून परीक्षेस गेले, आणि दिसावयास लहान म्हणून परत पाठविले गेले, तेच हे कर्वे. मॅट्रिक होण्यास त्यांना १८८१ साल उजाडलें. विल्सन कॉलेजांत आरंभ करून ते एल्फिन्स्टनमध्यें आले, आणि तेथें गोखल्यांचे सहाध्यायी झाले. टिळकांच्या जाण्यानें फर्गसनमध्यें गणिताची जागा रिकामी झाली, तेव्हां १८९१ सालीं गोखल्यांनीं या जुन्या सहाध्यायाचेंच नांव काढलें. कर्वे पुण्यास आले, आणि त्यांच्या हातून पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ निर्माण झालें. वर्गांतल्या एका बांकावरची ओळख कोठवर पोंचते, तें पाहा!

या इतिहासावरून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, कॉलेज निवडतांना केवळ नांव विचारूं नये. तेथें शिकवितें कोण, ग्रंथालय मुलांना उघडें असतें काय, राहण्याची सोय कशी, हें प्रत्यक्ष जाऊन पाहावें. शिकत असलेल्या चार मुलांशीं बोलावें. दुसरी, खर्चाचा हिशेब घरांतल्या सर्वांसमोर, मुलालाहि जवळ बसवून करावा. गोविंदरावांच्या आठ रुपयांची जाणीव गोखल्यांना होती. ज्याला आपल्यासाठीं कोणी काय सोडलें हें ठाऊक असतें, तो सहसा वेळ फुकट दवडीत नाहीं. तिसरी, मनाजोगतें कॉलेज न मिळाल्यास निराश होण्याचें कारण नाहीं. गोखल्यांनीं तीन कॉलेजें पाहिलीं, कर्व्यांनीं दोन. मोठेपण इमारतीला चिकटलेलें नव्हतें.

आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगतों: चार वर्षांत एक तरी गुरु असा जोडा, कीं ज्याच्याकडे परीक्षेबाहेरची शंका घेऊन जातां येईल. एक मित्र असा करा, कीं जो तुमच्याशीं प्रामाणिकपणें वाद घालील. रोज शरीराला घाम येऊं द्या, आणि नेमलेल्या पुस्तकाशेजारीं एक न नेमलेलें पुस्तक ठेवा. प्रवेश कोठें मिळावा हें पुष्कळदां आपल्या हातीं नसतें. मिळालेल्या ठिकाणीं काय करावें, हें मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं असतें.